वाढीचे दुखणे : एका समजुतीचा मागोवा
‘पोरगं वाढीला लागलंय, गुडघे दुखणारच,’ असे आमच्या बीड जिल्ह्यात घरोघर म्हणतात. समजूत गावठी वाटते, पण १८२३ साली मार्सेल द्युशाँ या फ्रेंच वैद्याने (गाजलेल्या चित्रकाराचा हा केवळ नामबंधू) मुलांच्या पायदुखीचा संबंध असाच वाढीशी जोडला होता. नाव टिकले, कारण मात्र सिद्ध झाले नाही. उंची भराभर वाढते त्याच वयात हे दुखणे येते, असे आढळत नाही.

१८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. १९०३ साली बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, एक वेगळेच दुखणे दाखवले. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीला जो उंचवटा असतो, तिथे मांडीच्या स्नायूंची ओढ बसते. कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे तिथले कोवळे हाड त्या ओढीने दुखावते, सुजते. उड्या कमी कराव्यात, बर्फाने शेकावे, मांडीला ताण देणारे व्यायाम करावेत. हाड पक्के झाले की ते बहुधा थांबते.

मला अधिक धास्ती वाटते ती खुब्याची. खुबा आणि गुडघा यांच्या काही नसा एकच, त्यामुळे बिघाड खुब्यात असला तरी मूल बोट गुडघ्यावर ठेवते. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार १९१० मध्ये लेग, काल्व्हे आणि पेर्थेस यांनी नोंदवला. अशा मुलाच्या गुडघ्यावर निरगुडीचा पाला कितीही बांधला तरी महिने वाया जातात.

साधे ‘वाढीचे’ दुखणे दोन्ही पायांत, रात्री येते. सकाळी पोर उड्या मारते. एकच पाय दुखणे, लंगडणे, सूज, ताप, वजन घटणे यांपैकी काही दिसले, तर खुब्यासकट तपासणी हवी.

हा फरक ओळखायला कुणीतरी मुलाकडे रोज पाहावे लागते. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर उचल घेतलेले कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मूल आजीपाशी राहते, हंगामी वसतिगृहात राहते, नाहीतर फडाशेजारच्या कोपीत. आई अंधारातच तोडीला जाते, तेव्हा ते झोपलेले असते. रात्रीचे रडणे तिला ऐकू येते, सकाळची चाल दिसत नाही. अंबाजोगाईला १९७० च्या दशकापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण हंगामभर ही मुले कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात असतात.

म्हणून आजीला, वसतिगृहातल्या बाईंना मी एवढेच सांगतो : पोर उठल्यावर पहिली दहा पावले कशी टाकते, ते बघा.