फुटबॉलपटूंचे करार आणि कामबंदीचे सावट

संप, टाळेबंदी किंवा हंगामच न होण्याची चिन्हे दिसू लागली, की व्यावसायिक फुटबॉलपटूच्या करारातील मुदत, हप्त्यांच्या तारखा आणि सुटकेची कलमे यांवर घासाघीस सुरू होते. वाद पेटण्याआधीच त्याची झळ कोणी सोसायची हे तेथे ठरून जाते.

ठळक उदाहरण अमेरिकन फुटबॉलचे. तेथे तेव्हा मूळ पगार हंगामातील आठवड्यांनुसार मिळत असे. सामने बंद, तर पगारही बंद. त्यामुळे 2011 ची टाळेबंदी (12 मार्च ते 25 जुलै) जवळ येऊ लागली तसे सही करतानाच हाती पडणाऱ्या रकमेचे मोल वाढले. 2010 च्या हंगामात संघांच्या वेतनखर्चावरील कमाल मर्यादा उठली, पण मुक्तपणे संघ बदलण्यासाठी लागणारी सेवा चार हंगामांवरून सहावर गेली. इंग्लंडमध्ये 1961 साली संपाच्या नुसत्या धमकीने आठवड्याला 20 पौंडांची वेतनमर्यादा मोडीत निघाली.

भारतात पूर्वी चित्र वेगळे होते. मुंबईत मफतलाल, टाटा, आरसीएफ, रेल्वे अशा संघांतील खेळाडू बहुधा कंपनीच्या किंवा खात्याच्या हजेरीपटावर असत. हंगाम बुडाला तरी पगार चालू. व्यावसायिक क्लब आले आणि हा आधार सुटला. महिंद्रा युनायटेड तर 2010 मध्ये बंदच झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतीय फुटबॉल महासंघाने व्यापारी हक्कांचा 15 वर्षांचा करार केला. त्याची मुदत 8 डिसेंबर 2025 ला संपणार होती, नूतनीकरण मात्र ठरेना. त्यामुळे जुलै 2025 मध्ये देशातील अव्वल इंडियन सुपर लीग स्थगित झाली. हा वाद खेळाडूंनी केलेला नव्हता, पण पहिला घाव त्यांच्यावरच पडला: ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने मुख्य संघाचे पगार थांबवले. मुंबई सिटी एफसीतून तिचा मुख्य मालक सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबरात बाहेर पडला.

अशा वेळी सामूहिक कराराचे मोल कळते. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला युनियनच्या वेतनकराराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार अशा समझोत्याची मुदत सरली तरी लेखी नोटीस देऊन दोन महिने उलटेपर्यंत तो बंधनकारक राहत असे. (21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली.) भारतीय फुटबॉलपटूंमागे लीगशी झालेला असा सामूहिक करार नाही, प्रत्येक जण आपला कागद घेऊन एकटा उभा असतो. बोईसर-पालघर पट्ट्यातून व्यावसायिक फुटबॉलकडे निघालेल्या मुलाच्या पालकांनी पगाराच्या आकड्याआधी करारातील मुदत आणि सुटकेची कलमे पाहायला हवीत.

आधार उरतो तो फिफाच्या नियमांचा. दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू क्लबला किमान 15 दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडू शकतो. पण सगळी लीगच ठप्प असताना मोकळा झालेला खेळाडू जाणार कुठे? म्हणूनच जानेवारी 2026 मध्ये भारताच्या आघाडीच्या खेळाडूंनी थेट फिफाला साकडे घातले. लीग सुरू व्हायला फेब्रुवारी उजाडला.