विजेच्या गिटारीतील घरघर आणि तिचे शमन

देवळाच्या सभामंडपात कीर्तन उभे राहते, आणि बुवांच्या मुखातून पहिला शब्द निघण्यापूर्वीच कर्ण्यातून ‘घूं’ असा एकसुरी आवाज येऊ लागतो. आमच्या वाचकांस तो चांगलाच परिचयाचा आहे. ह्या आवाजाशी सर्वांत नेटाने झुंज दिली ती मात्र अमेरिकेतील गिटारवाल्यांनी. त्या झुंजीचा इतिहास बव्हंशी पेटंट-कचेरीच्या दप्तरात आहे, आणि वकिली पेशामुळे दप्तर चाळण्याची खोड आम्हांस जडलेलीच आहे.

लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बीचम ह्यांनी विजेची जी गिटार सिद्ध केली, तिला तिच्या आकारावरून ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, असे नाव पडले. तिच्या पेटंटचा अर्ज 1934 मध्ये झाला व 1937 मध्ये तो मंजूर झाला. तिची रचना तत्त्वतः सोपी आहे. पोलादी तारांपाशी लोहचुंबक, आणि त्याच्या जोडीला बारीक तांब्याच्या तारेचे अनेक फेऱ्यांचे वेटोळे. तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हेलावते, वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उपजतो आणि ध्वनिवर्धक त्याला मोठे करतो. ह्या वेटोळ्यालाच पुढे ‘पिकअप’ म्हणू लागले. परंतु वेटोळ्याला आपले व परके कळत नाही. अमेरिकेत घरची वीज सेकंदाला 60 वेळा हेलकावे घेते, आपल्याकडे 50 वेळा; ट्रान्सफॉर्मरभोवती पसरलेला तिचा प्रभावही ते वेटोळे इमानाने टिपते. घरघर म्हणतात ती हीच. तारांचा स्वर वाढवावा तर तीही वाढते.

मात्र सगळी घरघर एका कुळीची नसते, आणि तिचा मूळ धनी शोधण्याची रीत साक्षीदाराच्या उलटतपासणीसारखी आहे. वादकाने गिटार धरून जागच्या जागी सावकाश वळावे. वळताना आवाज कमीअधिक झाला, तर तो वेटोळ्यातून शिरलेला चुंबकीय आवाज समजावा. तारांना हात लावताच आवाज दबला, तर वादकाचे शरीरच आसपासचे विद्युत्क्षेत्र गोळा करीत आहे. तारा ‘अर्थ’ला जोडलेल्या असल्यामुळे स्पर्श होताच त्याचा निचरा होतो. अशा वेळी गिटारीच्या पोटातील पोकळीला तांब्याच्या पत्र्याचे अस्तर लावून तेही ‘अर्थ’ला जोडतात. गिटारीचा आवाज शून्यावर आणूनही घरघर कायम राहिली, तर गिटार बहुधा निर्दोष सुटली. मग वायर व ध्वनिवर्धक ह्यांची झडती घ्यावी. कडकड असा तुटक आवाज आला तर प्लगची खाच वा सुटलेला डाग पाहावा.

ह्यांपैकी पहिला प्रकार सर्वांत चिवट, कारण तांब्याच्या पत्र्याला चुंबकीय क्षेत्र फारसे जुमानत नाही. त्यावर तोडगा काढला तो गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर ह्यांनी. त्यांनी शत्रूला वेशीवर अडविले नाही. त्याला दोन दरवाजांनी आत घेऊन आपसांत झुंजविले. दोन वेटोळी शेजारी ठेवली, एकाच्या चुंबकाचे ध्रुव दुसऱ्याच्या उलट ठेवले आणि वेटोळ्यांची जोडणीही उलट केली. बाहेरून येणारी घरघर दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते, पण उलट जोडणीमुळे एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि दोघी एकमेकींस गिळतात. तारेचा स्वर मात्र उलट ध्रुवांमुळे एकदा उलटतो व उलट जोडणीने पुन्हा उलटतो, म्हणजे सुलटा होतो. त्याची बेरीजच होते. ह्या युक्तीला ‘हमबकर’ म्हणतात. (हे नाव ऐकून आम्हांस आपले ‘हंबरणे’ आठवते, पण ते केवळ नादसाम्य.)

लव्हर ह्यांचा अर्ज जून 1955 चा, मंजुरी जुलै 1959 ची. ह्यावरून सारे श्रेय त्यांना देण्याचा प्रघात आहे, पण तो आम्हांस पटत नाही. बॉल्डविन ह्या पियानो कंपनीचे आर्मंड नॉब्लॉ ह्यांच्या 1938 सालच्या पेटंटात दोन वेटोळ्यांची हीच युक्ती आढळते. तिकडे इलिनॉय प्रांतातील केरो गावचे रे बट्स हे चेट ॲट्किन्स ह्या नामांकित वादकासाठी स्वतंत्रपणे तसाच पिकअप घडवीत होते. ग्रेच कंपनीने तो बाजारात आणला. बट्स ह्यांचा अर्ज 1957 चा, म्हणजे लव्हर ह्यांच्या नंतरचा, तरी मंजुरी जून 1959 मध्ये, म्हणजे आधी मिळाली! तत्त्व जुने असूनही त्याच्या निरनिराळ्या मांडणीला निरनिराळे पेटंट मिळू शकते, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला नवीन नाही. लव्हर ह्यांचे खरे श्रेय आमच्या मते हे, की ते तत्त्व त्यांनी गिटारीच्या अंगाला बेताचे होईल असे बसविले.

पुढची गोष्ट अधिक मौजेची आहे. आरंभीच्या पिकअपांच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी असे, आणि ती मंजुरीनंतरही काही वर्षे तशीच राहिली. त्यानंतर जो पेटंट-क्रमांक छापला जाऊ लागला, तो लेस पॉल ह्यांच्या, गिटारीची घोडी व तारा अडकविण्याचा भाग ह्यासंबंधीच्या पेटंटचा होता! नक्कल करू पाहणाऱ्याने दप्तर काढावे आणि त्याच्या हाती घोडी यावी, असा हा डाव असल्याचे बहुतेक जाणकार मानतात. आम्हांसही तसेच वाटते.

हमबकराने घरघर गेली, पण सोबत थोडी धारही गेली. दोन वेटोळी तारेच्या दोन जागांवरून स्वर घेतात, त्यामुळे काही उंच उपस्वर परस्परांत जिरतात. म्हणून लिओ फेंडर ह्यांच्या एकवेटोळी गिटारी घरघरीसकट आजही वाजतात. तानपुऱ्याच्या जवारीत दोरा सरकवून झंकार मुद्दाम जागविणाऱ्या आपल्या लोकांस ह्याचे नवल वाटू नये.

आता राहिला शेवटचा आणि जीवघेणा प्रकार. दोन यंत्रे निरनिराळ्या ठिकाणी ‘अर्थ’ला जोडून पुन्हा एकमेकांस जोडली की त्या वायरींचे एक मोठे कडे होते, आणि ते घरघरू लागते. ह्यावर अडाणी उपाय म्हणजे प्लगची तिसरी, अर्थची पिन काढून टाकणे. आवाज तत्काळ थांबतो, आणि त्याबरोबर धातूच्या अंगात उतरलेली वीज माणसाला सोडून जाण्याची वाटही बंद होते. सदोष अर्थिंग म्हणजे काय, हे 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे दिसले. ‘स्टोन द क्रोज’ ह्या मंडळीच्या लेस हार्वी ह्या वादकाने गिटार हाती असताना मायक्रोफोनला हात लावला. मायक्रोफोनचे अर्थिंग बरोबर नव्हते. तो रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेला.

उत्सवाच्या मांडवात ही पिन उपटलेली आढळते म्हणून हे विस्ताराने लिहिले. कड्याची घरघर मोडण्यासाठी सारी यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावी. तेवढ्याने न भागल्यास आवाज नेणाऱ्या वायरीत लहान ट्रान्सफॉर्मर घालावा, म्हणजे स्वर पलीकडे जातो व कडे तुटते. अर्थची पिन जागची हलवावी लागत नाही.