मळ्यावरचा मजूर परका कसा झाला?



लंका म्हटली की आपल्याला अनुराधपूरचा बोधिवृक्ष आठवतो. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच कँडीच्या डोंगरात तेव्हा लाखो मजूर चहाची पाने खुडत होते, आणि त्यातले बहुतेक कुठल्याच देशाचे नागरिक राहिले नव्हते. हाही इतिहास आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

इंग्रज मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलखातून ही माणसे नेली. आधी कॉफी होती. ती रोगाने बसली तेव्हा चहा आला. मजूर आणणारा कंगाणी, म्हणजे आपल्या गिरणीतला जॉबरच समजा. भरती त्याच्या हाती, उचलही त्याच्याच हाती. राहायला चाळीसारख्या रांगेच्या खोल्या. यातले पुष्कळ जण पल्लर, परैयर, चक्किलियर, म्हणजे आपल्यासारखेच गावकुसाबाहेरचे. देशाची तिजोरी भरली ती त्यांनी खुडलेल्या चहावर.

सिंहली शेतकऱ्याचा राग खोटा नव्हता. १८४० च्या कायद्याने पड जमिनी सरकारजमा झाल्या आणि मळेवाल्यांना विकल्या गेल्या. पण जमीन घेतली साहेबाने आणि राग निघाला मजुरावर. पुढाऱ्यांना हेच सोयीचे असते.

४ फेब्रुवारी १९४८ ला सिलोन स्वतंत्र झाले. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत मळ्यावरच्या मजुरांनी आपली माणसे निवडून दिली होती, काही ठिकाणी डाव्यांना हात दिला होता. ते सत्ताधाऱ्यांना खुपले. पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या सरकारने १९४८ सालीच नागरिकत्वाचा कायदा केला. बाप लंकेत जन्मला, नाहीतर आजा आणि पणजा दोघेही तिथे जन्मले, याचा पुरावा आणा! मजुराकडे कुठला कागद? सात लाखांहून जास्त माणसे परकी ठरली. १९४९ साली मतही गेले.

त्या वेळी लंकेतल्या जुन्या तमिळ समाजाचे पुढारी जी. जी. पोन्नंबलम सरकारात मंत्री झाले. चेल्वनायकम मात्र त्यांच्यापासून फुटले. आज मजुरांवर आले ते उद्या आपल्या भाषेवर येईल, असा त्यांचा इशारा होता. तसेच झाले. १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा केले. त्या प्रचारात भिक्खूही उतरले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे जुलै १९८३ ची दंगल झाली आणि २००९ पर्यंत चाललेले युद्ध. त्यात सिंहली घरातलीही पोरे गेली.

मजुरांचे काय झाले? १९६४ साली शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला. सव्वापाच लाख भारताने घ्यायचे, तीन लाख लंकेने ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचे मागाहून बघू. माल वाटावा तशी माणसे वाटली! मजुरांना कोणी विचारले नाही. उरलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३ चा कायदा यावा लागला. म्हणजे ५५ वर्षे.

आता बाबासाहेबांचे संविधान पाहा. त्यातले कलम ५ सांगते की, इथे कायम वास्तव्य असलेला जो इथे जन्मला, किंवा ज्याची आई अगर बाप इथे जन्मला, किंवा जो पाच वर्षे इथे राहत आला, तो नागरिक. आईचा जन्मही धरला. पणजोबाचा कागद मागितला नाही. पुढे १९८६ आणि २००३ च्या दुरुस्त्यांनी जन्माने मिळणारा हक्क आखडला, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

जातीच्या दाखल्यासाठी जुना कागद शोधताना आपली काय दमछाक होते, ते घरोघरी ठाऊक आहे. म्हणून कोणी कुणाला 'बाहेरचा' म्हणू लागला की आपण लगेच टाळी वाजवू नये. आधी विचारावे, याची जमीन, याची नोकरी खरोखर कोणी घेतली? तथागतांनी वासेट्ठ सुत्तात सांगितले की, झाडाझुडपांत, पशुपक्ष्यांत जाती वेगळ्या असतात, माणसांत तशा नसतात. पंचशील म्हणणाऱ्या देशाला याचा विसर पडला. आपल्याला पडता कामा नये.

जयभीम!