असकृत् गणित : वत्सगुल्मापासून विद्युत्क्षेत्रापर्यंत



कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने गणिताच्या इतिहासावर बोलावयास उभे राहावे, ह्याचे आपणांस नवल वाटेल. आमचे शालेय शिक्षण बेताचे. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि चौकशीच्या कागदांत शिकलो. आजचा विषयही अशाच एका कागदातून आमच्या वाट्यास आला.

काही वर्षांपूर्वी एका वीज उपकेंद्रात कुंपणाच्या तारेला हात लागून एक मदतनीस फेकला गेला. वैशाखाचे दिवस होते. जीव वाचला, पण उजवा हात कामाचा राहिला नाही. चौकशीत आमच्यापुढे एक अहवाल ठेवण्यात आला. उपकेंद्राच्या अर्थिंगचे विद्युत्क्षेत्र संगणकावर मांडले आहे, ‘गणित स्थिरावले आहे’, कुंपणाशी येणारा दाब मर्यादेत आहे, सबब दोष कामगाराचा, असा त्याचा मथितार्थ होता. गणित स्थिरावते म्हणजे काय होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ज्या शब्दावर एका माणसाचा हात तोलला जाणार, तो शब्द समजून घेणे आम्हांस भाग होते. त्या शोधात आम्ही फिरत फिरत आपल्या वाशीमलाच परत आलो.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, हे आपण जाणताच. परंतु ज्योतिषाच्या ग्रंथांतही ह्या गावाचे नाव आहे. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा, ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा आणि ‘करणकुतूहल’ ११८३ चा. ह्या शेवटल्या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या भूमध्यरेषेवरील गावे सांगितली आहेत. त्यांत कांची आहे, उज्जयिनी आहे, कुरुक्षेत्र आहे आणि आपले वत्सगुल्मही आहे. मध्यमेश्वराच्या देवळाशी ही रेषा जोडून सांगण्याची आपल्या गावाची परंपरा तिथलीच.

ह्याच ज्योतिषात ‘असकृत्कर्म’ नावाची एक रीत आहे. असकृत् म्हणजे एकदा नव्हे, पुनःपुन्हा. सूर्यग्रहणाचा मध्य केव्हा येईल हे काढावयाचे तर लंबन लागते, म्हणजे आपण पृथ्वीच्या पाठीवरून पाहतो म्हणून पडणारा फरक. पण लंबन किती, हे त्या वेळी सूर्य आकाशात कोठे आहे ह्यावर अवलंबून. वेळ कळल्याशिवाय लंबन नाही आणि लंबनाशिवाय वेळ नाही. मग आमचे गणिती काय करीत? आधी एक कच्ची वेळ धरीत, तिच्यावरून लंबन काढीत, लंबनावरून वेळ सुधारीत, सुधारलेल्या वेळेवरून पुन्हा लंबन. लागोपाठ दोन उत्तरांत फरक उरला नाही म्हणजे गणित स्थिर झाले असे मानीत.

घरातली बाज विणणाऱ्यास ही रीत निराळी शिकवावी लागत नाही. एक दोर ताणला की शेजारचा ढिला पडतो, तो ताणावा तर पहिला सैल होतो. पण चारपाच फेरे मारले की सगळी बाज एकसारखी ताठ होते. मात्र गातच मोडके असेल तर कितीही फेरे मारा, बाज ताठ होणार नाही.

आता ह्या कथेतला पहिला धडा ऐका. उज्जयिनीचे रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला आणि वाशीमचे सुमारे ७७ अंश ८ कला. म्हणजे दोन्ही गावे एका रेषेवर नाहीत; दोहोंच्या मध्यान्हीत साधारण साडेपाच मिनिटांचे अंतर पडते. त्या काळी दूरच्या गावांचे रेखांश मोजण्याची साधने तोकडी होती, ह्यात कोणाला कमीपणा नाही. पण वाशीमच्या जोशाने आपण मध्यरेषेवर आहोत असे धरून ग्रहणाचे असकृत् गणित केले, तर ते गणित उत्तम स्थिरावेल आणि तरीही काही मिनिटांनी चुकेल. गणित स्थिरावणे ही एक गोष्ट आणि ते खरे असणे ही दुसरी. हा धडा आम्ही मनात टिपून ठेवला.

युरोपात हीच रीत पुढे भूमापनाच्या पोटी वाढली. आपल्याकडे कन्याकुमारीपासून उत्तरेकडे ७८ रेखांशाच्या आसपास त्रिकोण जोडीत येणारा लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्याच विदर्भात, हिंगणघाटास वारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीत गाउसने, तोही भूमापनातच गढलेला, आपल्या गेर्लिंग नावाच्या शिष्यास पत्र लिहून एक युक्ती कळविली. अनेक समीकरणे एकदम सोडवू नयेत. जेथे चूक सर्वांत मोठी असेल तेथे ती आधी भागवावी, मग पुढची. हे काम अर्धवट झोपेतही किंवा दुसरा विचार चालू असतानाही करता येते, असेही त्याने लिहिले. सायडेलने १८७४ मध्ये ह्या जातीची रीत प्रसिद्ध केली, म्हणून तिला आज दोघांचे नाव आहे.

विजेशी ह्याचा संबंध असा. जेथे मोकळा विद्युत्भार नाही अशा जागी लाप्लासचे समीकरण लागते. त्या जागेवर चौकटींची जाळी कल्पिली, तर त्याचा साधा अर्थ असा की प्रत्येक गाठीवरचा दाब हा तिच्या चार शेजाऱ्यांच्या दाबांची सरासरी असतो. कडेचे दाब ठाऊक असले की आतल्या गाठींना वाटेल ते आकडे द्यावेत आणि सरासरी घेत घेत फेरे मारावेत; आकडे आपोआप जागेवर बसतात. म्हणजे पुन्हा आपली बाजच!

हे फेरे प्रथम कोणी मारले? यंत्रांनी नव्हे, पोरांनी. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्डसन ह्याने १९१० साली दगडी धरणातील ताणांचे गणित जाळीवर मांडले, तेव्हा आकडेमोडीस मुले ठेवली होती. मजुरी नगावर होती. दर गाठीमागे, आकडा जितक्या अंकांचा तितके पेनीचे अठरांश. सर्वांत चलाख मुलांपैकी एक आठवड्यास तीन अंकी आकड्यांची २००० कामे उरकी. चुकलेल्या कामाचे दाम नाही. आम्ही हिशेब केला. ३३३ पेन्स, म्हणजे पावणेअठ्ठावीस शिलिंग होतात. अधिक आणि उणे चिन्हांची सरमिसळ हाच मुलांना मोठा ताप, असे त्याने नोंदविले आहे. आज ज्याला संगणक म्हणतो, तो शब्द इंग्रजीत आधी ह्या माणसांचे नाव होता, हे कामगाराने विसरू नये.

पुढे साउथवेलने १९३० नंतरच्या दशकात ही रीत अभियंत्यांच्या हाती दिली. १९५० साली यंग आणि फ्रँकेल ह्यांनी स्वतंत्रपणे दाखविले की सरासरीच्या थोडे पुढे झेप घेतली तर गणित फार लवकर स्थिरावते. पण झेपेलाही मर्यादा आहे. झेपेचा गुणक दोनाच्या आत हवा. दोनावर गेला की आकडे जागेवर येण्याऐवजी उड्या मारू लागतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले यंत्र १९६० मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. तेव्हापासून लाखो फेरे मारणे आपल्याकडेही यंत्राचे काम होऊ लागले. यंत्र थकत नाही. पण मोडके गातही ते तितक्याच न थकता विणीत राहते.

मग गणित स्थिरावत नाही तेव्हा जाणते लोक काय पाहतात? एका निवृत्त अभियंत्याने आम्हांस पाटी घेऊन हे शिकविले. पहिली गोष्ट, शून्य कोठे धरले आहे? दाब हा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. मांडणीत कोठेच जमिनीला शून्य मानले नाही, तर प्रत्येक उत्तरात शंभर मिळविले तरी तेही उत्तरच ठरते, आणि यंत्र भरकटते. दुसरी गोष्ट, जाळी. दोन बोटे रुंद लोखंडी पट्टी आणि शंभर मीटर मैदान एकाच जाळीत बसविताना चौकटी लांबट व वेड्यावाकड्या होतात. पट्टीजवळ बारीक आणि दूर हळूहळू जाड अशी जाळी हवी. तिसरी, पदार्थांतील तफावत. धातू आणि हवा ह्यांच्या वाहकतेत अफाट अंतर आहे, म्हणून पुष्कळदा धातूच्या आत गणित न करता त्याच्या पृष्ठावर एकच दाब धरणे बरे. चौथी, स्वतःच बदलणारे पदार्थ. लाइटनिंग अरेस्टरमधल्या झिंक ऑक्साइडची वाहकता क्षेत्रावर आणि क्षेत्र वाहकतेवर अवलंबून असते. तेथे दाब पायरीपायरीने वाढवावा आणि प्रत्येक दुरुस्ती अर्धीच द्यावी.

आणि हे सर्व करण्यापूर्वी, शिल्लक चूक नकाशावर कोठे साचली आहे ते पाहावे. दोष बहुधा तेथेच सापडतो. काहीजण मात्र चुकीची मर्यादाच सैल करून ‘स्थिरावले’ असा शेरा मारून घेतात. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरवरची खूण वर सरकविण्यासारखेच हे!

त्या चौकशीत आम्ही दोनच प्रश्न विचारले. मातीचा रोध कोणत्या महिन्यात मोजला? आणि जमीन एकाच थराची धरली की दोन? वेन्नरने १९१५ मध्ये सांगितलेल्या चार खुंट्यांच्या रीतीने मोजणी झाली होती, त्यात खोट नव्हती. पण ती श्रावणात झाली होती. आपली काळी जमीन श्रावणात ओलीचिंब असते, वीज सहज वाहते. वैशाखात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि तिचा रोध कितीतरी वाढतो. गणित स्थिरावले होते, ते श्रावणातल्या जमिनीवर. हात भाजला होता तो वैशाखातल्या.

मोजणी पुन्हा उन्हाळ्यात झाली, गणित पुन्हा मांडले गेले आणि कुंपणाचा दाब मर्यादेबाहेर निघाला. नवे खांब पुरले गेले, कुंपण स्वतंत्रपणे जोडले गेले. मदतनिसाच्या नावावरचा दोष पुसला गेला, भरपाई मिळाली. हात काही परत आला नाही.

संगणकाविरुद्ध आमची तक्रार नाही. त्या पोरांच्या पाठीवरचे ओझे त्याने उतरविले. पण जेथे शेवटी माणूस कुंपणाला हात लावणार आहे, तेथील मांडणी त्या माणसालाही समजावून सांगितली गेली पाहिजे. काळ्या जमिनीला वैशाखात भेगा पडतात, हे त्या मदतनिसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच.