‘१९०५’ची तबकडी

पाद्री गापोनच्या मागोमाग पीटर्सबर्गचे कामगार बायकापोरांसह झारच्या राजवाड्याकडे निघाले, तो जुन्या रशियन पंचांगातला ९ जानेवारी १९०५चा रविवार. हातांत देवाच्या तसबिरी होत्या आणि एक अर्ज. सैन्याने गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी दिमित्री शोस्ताकोविच त्याच शहरात जन्मला.

त्याची अकरावी सिंफनी, ‘१९०५ साल’, १९५७ची. तिचं मूळ मात्र मागे जातं. १९५१मध्ये त्याने क्रांतिकाळातल्या कवींच्या दहा कवितांना समूहगानाच्या चाली दिल्या होत्या. त्यांतल्या ‘९ जानेवारी’ची चाल इथे परत येते. त्याहूनही मागे आहेत कैद्यांची, मोर्च्यांची आणि अंत्ययात्रांची गाणी. ‘ऐका!’ हे तुरुंगातलं गाणं पहिल्या भागात बासऱ्यांवर येतं. तिसऱ्या भागात व्हायोला हळू आवाजात ‘तुम्ही बळी पडलात’ सुरू करतात. गाणारं कुणीच नाही. पण रशियन श्रोत्याला शब्द पाठ होते. पश्चिमेत काही समीक्षकांनी या कृतीला चित्रपटसंगीत म्हणून हिणवलं. ही गाणी त्यांच्या कानांवरून गेलेली नव्हती, असं मला वाटतं.

३० ऑक्टोबर १९५७ला मॉस्कोत नातान राखलिनने ती प्रथम सादर केली, आणि चारच दिवसांनी लेनिनग्राडमध्ये म्राव्हिन्स्कीने. एप्रिल १९५८मध्ये स्टोकॉव्स्कीने ती ह्यूस्टनच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली आणि कॅपिटॉल कंपनीसाठी स्टिरिओत ध्वनिमुद्रित केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लुइतांसने खुद्द शोस्ताकोविचच्या उपस्थितीत मुद्रण केलं. स्टिरिओ तबकड्या तेव्हा नुकत्याच बाजारात येत होत्या.

या सिंफनीने तबकडीची परीक्षाच पाहिली. राजवाड्यासमोरचं गोठलेलं मैदान तंतुवाद्यं इतक्या हलक्या आवाजात उभं करतात की तबकडीच्या खरखरीत ते विरून जाई. दुसऱ्या भागातला गोळीबार ढोल-नगाऱ्यांचा; मोठ्या आवाजाला रुंद खाच लागते, म्हणजे जागाही जास्त. शिवाय चारही भाग न थांबता वाजायचे, जवळपास तासभर. तबकडी उलटायला उठलं की सलगता तुटायची. सीडीने ही अडचण संपवली.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर स्टोकॉव्स्कीचं मुद्रण घ्या. गोळीबाराचा भाग तेवढा काढून ऐकू नका. आधीची सगळी थंडी सोसून मगच तिथे पोहोचा.