आगकाड्यांची मौज : व्यंगचित्रपटातील धडपडीचा विनोद

विनोदाचा इतिहास सांगणारे बहुधा शब्दांच्या विनोदापाशी थांबतात. कोल्हटकर, गडकरी, अत्रे यांचा विनोद आपण वाचतो, त्यावर व्याख्याने ऐकतो. पण जो विनोद पडण्या-आपटण्यातून उपजतो, ज्याला एका शब्दाचीही गरज लागत नाही, त्याला पोरखेळ म्हणून उंबऱ्याबाहेर उभा करतो. मांजर उंदरामागे धावते, भिंतीवर आदळून पापडासारखे चपटे होते आणि पुढच्याच क्षणी अंग झटकून पुन्हा धावू लागते. हे पाहून मुले लोळण घेतात, आणि वडील मंडळी वर्तमानपत्राआडून हसतात. या हसण्याचा वंश कोणता आणि आपल्या महाराष्ट्रात त्याचे काय झाले, एवढाच प्रश्न आम्ही आज विचारासाठी घेतला आहे.

वंश शोधण्यास फार दूर जावयास नको. सिंदी मेघे हे वर्धा शहराला लागूनच आहे. आणि ज्या वर्धा नदीवरून या जिल्ह्यास नाव मिळाले, ती कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त वरदा या नावाने येते. विदर्भाचे राज्य दोन चुलतभावांत वाटले जाते तेव्हा हीच नदी सीमा ठरते. नाटकाची नायिका विदर्भाचीच राजकन्या. याच नाटकात विदूषक गौतम सर्पदंशाचे खोटे सोंग आणून राणीची अंगठी मिळवितो; आणि पुढे तो डुलक्या घेत असता एक दासी त्याच्या अंगावर वाकडी काठी टाकते, तेव्हा ‘साप, साप’ म्हणून तो किंचाळत उठतो. ज्याने सापाची थाप मारली, त्यालाच काठीने साप दाखविला! शब्द काढून टाकले तरी हे हसू टिकते. युरोपातही या जातीच्या विनोदाचे नाव काठीवरूनच पडले. इटालियन नटांच्या हाती दोन पट्ट्यांची एक काठी असे. मारताच आवाज मोठा होई, लागे मात्र काहीच नाही. आवाज मोठा, इजा शून्य, हे या विनोदाचे सारे शास्त्र होय.

निर्जीव चित्रांकडून ही धडपड करवून घेण्याची कला आपल्याकडे आणली ती दादासाहेब फाळके यांनी. १९१२ साली इंग्लंडहून परतल्यावर त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी टिपून ती पडद्यावर दोन घटकांच्या करमणुकीत आणली. या चिमुकल्या पटाने भांडवलदाराचा विश्वास संपादन केला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. पौराणिक चित्रपटांच्या या जनकाला हसविण्याचे वावडे नव्हते. १९१४ साली त्यांनी ‘पीठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट काढला, आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’. काडी रेसभर सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची. सेकंदास सोळा चित्रे धरली तरी एका मिनिटाच्या करमणुकीस ९६० वेळा हात लावावा लागतो. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ साली काड्यांचा असाच खेळ केला होता. तेव्हा या बाबतीत आपण जगाच्या फार मागे नव्हतो.

मग मागे पडलो ते कोठे? १९२८ साली डिस्नेचा मिकी उंदीर आवाजासह पडद्यावर आला आणि आपटण्याला संगीताचा ताल मिळाला. १९४० साली हॅना आणि बार्बेरा यांनी टॉम व जेरी यांची जोडी आणली; १९५८ पर्यंत त्यांचे शंभराहून अधिक लघुपट निघाले आणि सात ऑस्कर मिळाले. १९४९ साली चक जोन्सने एका कोल्ह्यासारख्या कायोटीला धावऱ्या पक्ष्याच्या मागे लावले. हा प्राणी कड्यावरून पुढे हवेत चालत जातो, आणि खाली पाहीपर्यंत पडत नाही! सात मिनिटांच्या अशा पटास दहा हजारांवर चौकटी लागतात. पगारी चित्रकारांची फौज आणि दर आठवड्यास नवा लघुपट मागणारी चित्रगृहे पाठीशी होती, म्हणून हे तेथे शक्य झाले.

आपल्याकडे पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली रघुनाथ केळकर यांच्या हातचा ‘जंबूकाका’ काढला. जंबू म्हणजे जंबुक, आपल्या गोष्टींतला लबाड कोल्हा. कायोटीच्या पंधरा वर्षे आधी आपला कोल्हा पडद्यावर आला. पण त्याला भावंडे झाली नाहीत. पुढे १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्र विभाग निघाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवावयास आले, आणि गो. कृ. गोखले यांच्या विभागातून १९५७ साली जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला. कलेचा पाया पक्का झाला. पण मालक सरकार होते, आणि सरकारला हसविण्यापेक्षा शिकविण्याची निकड अधिक. राम मोहन यांनी ‘बाप रे बाप’ (१९६८), ‘यू सेड इट’ (१९७२) यांसारख्या लघुपटांत विनोद जागता ठेवला, तरी आमच्या मते आपल्या व्यंगचित्रपटाने हसण्याआधीच उपदेश करावयास घेतला, हीच त्याची अडचण झाली.

या विनोदात मारामारी फार, हा आक्षेप खोटा नाही. जुन्या अमेरिकन पटांत तर काळ्या लोकांची हेटाळणीही आहे, आणि तिला क्षमा नाही. परंतु पडलेला पुन्हा उठतो, आणि बहुधा बलवान फसतो व दुर्बळ निसटतो, ही शिकवण प्रवचनावाचून मुलाच्या गळी उतरते, हेही खरे.

‘आगकाड्यांची मौज’ आज पाहावयास उरलेली नाही. पोरखेळ म्हटले की तो जपून ठेवावा असे कोणास वाटत नाही, याचा हा दाखला. पण फाळक्यांची कृती हरवलेली नाही. १९३७ साली याच वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातांनी शिकण्याचा विचार मांडला गेला. आज घरोघरी मोबाइलचा कॅमेरा आहे. मोठ्यांच्या देखरेखीखाली गूळ काढून टाकलेल्या पन्नास काड्या, एक पाट आणि एक रिकामी दुपार एवढ्यावर चौथीतले मूलही काडीला चालावयास लावील. ती काडी पहिल्याच वळणावर पडेल, आणि पाहणारे सगळे हसतील. तेव्हा त्या मुलाला ‘वेळ वाया घालवू नकोस’ असे आपण म्हणू नये, इतकीच आमची विनंती आहे.