खिडक्यांचा आडोसा

खिडकीचा आडोसा म्हणजे घरात येणारा नैसर्गिक प्रकाश कायम राखून बाहेरील व्यक्तीची नजर आत पोहोचू न देण्यासाठी खिडकीवर केलेली योजना होय. जाळी, दुधी काच, पारभासी पडदा, आडव्या पट्ट्यांची झडप आणि काचेवर चिकटवण्याचा पातळ पापुद्रा (फिल्म) हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. दाट वस्तीतील तळमजल्यावरील घरे, समोरासमोरच्या इमारती आणि न्हाणीघरे येथे तिची विशेष गरज भासते.

तत्त्व

आडोशाचे बहुतेक प्रकार दोन तत्त्वांवर आधारलेले आहेत. पहिले तत्त्व उजेडातील फरकाचे आहे. उजेडात उभ्या असलेल्या माणसाला जाळीतून किंवा विरळ विणीच्या पडद्यातून अंधाऱ्या खोलीतील काही दिसत नाही. आतील माणसाला मात्र बाहेरचे स्पष्ट दिसते. रात्री आत दिवा लागला की ही स्थिती उलट होते. दुसरे तत्त्व प्रकाशाच्या विखुरण्याचे आहे. दुधी काचेच्या खरबरीत पृष्ठभागावर किरण विखुरतात. त्यामुळे उजेड आत येतो, पण आकृती अस्पष्ट होते. हा परिणाम दिवसा व रात्री दोन्ही वेळी टिकतो.

पारंपरिक योजना

महाराष्ट्रातील वाड्यांमध्ये खोल्या आतील चौकाभोवती बांधलेल्या असत. उजेड व वारा चौकातून मिळत असल्याने रस्त्याकडील भिंतीत मोठ्या खिडक्यांची आवश्यकता कमी असे. जयपूर येथील हवामहल (इ.स. १७९९) या वास्तूच्या ९५३ लहान खिडक्यांच्या जाळ्यांआडून राजघराण्यातील स्त्रिया स्वतः न दिसता रस्त्यावरील मिरवणुका पाहत असत. गोव्यातील जुन्या घरांत व चर्चमध्ये काचेऐवजी एका सपाट, पारभासी शिंपल्याचे तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले आढळतात. त्यांतून सौम्य उजेड आत येतो, परंतु आरपार दिसत नाही. मुंबईतील चाळींमध्ये सामाईक गॅलरीकडे उघडणाऱ्या खिडक्यांना खालच्या अर्ध्या भागात पडदा लावण्याची पद्धत रूढ झाली.

आधुनिक साधने

खिडकीच्या वरच्या भागातून येणारा उजेड खोलीत अधिक खोलवर पोहोचतो, तर नजर बहुधा खालच्या भागातून येते. म्हणून तळमजल्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपर्यंतच दुधी काच, फिल्म अथवा अर्धा पडदा लावून वरचा भाग मोकळा ठेवणे उपयुक्त ठरते. वरच्या मजल्यावरून आत दिसत असल्यास आडव्या पट्ट्यांची झडप सोयीची असते. पट्ट्यांची बाहेरील कड खाली ठेवल्यास वरून येणारी नजर अडते. कड वर ठेवल्यास रस्त्यावरून येणारी नजर अडते.

मर्यादा

आरशासारखी चकाकणारी फिल्म दिवसा आडोसा देते, परंतु रात्री दिवे लागल्यावर तिचा उपयोग उरत नाही. अशा वेळी जाड पडदा लागतोच. शिवाय ती आत येणारा उजेडही कमी करते. उष्णता शोषणाऱ्या फिल्ममुळे काच असमान तापून तडकू शकते. दुधी काचेची खरबरीत बाजू ओली झाल्यास खळगे पाण्याने भरतात व काच काहीशी पारदर्शक होते. म्हणून न्हाणीघरात ती बाजू कोरड्या अंगाला ठेवावी. न उघडणाऱ्या काचेमुळे वायुवीजन थांबते, तर पक्क्या जाळीमुळे आगीच्या प्रसंगी बाहेर पडण्याचा मार्ग बंद होऊ शकतो.

कायदेशीर बाजू

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये या विषयाच्या दोन्ही बाजू आढळतात. कलम १५ नुसार २० वर्षे शांततेने, अखंडपणे व सुविधाधिकार म्हणून उपभोगलेल्या उजेडावर इमारतीला अधिकार प्राप्त होऊ शकतो. कलम १८ रूढीवर आधारित सुविधाधिकारांविषयी आहे. शेजाऱ्याच्या एकांताचा लक्षणीय भंग होईल अशी नवी खिडकी काढण्यास मनाई करणारी एखाद्या गावाची रूढी, हे त्या कलमातील एक उदाहरण आहे. गोकल प्रसाद विरुद्ध राधो (१८८८) या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने अशी रूढी मान्य केली. शेजाऱ्याच्या नव्या व्हरांड्यामुळे व दारांमुळे घरातील स्त्रियांच्या एकांतात बाधा येते, अशी त्यात तक्रार होती. या कलमाखालील हक्क स्थानिक रूढी सिद्ध झाल्यावरच मिळतो. तशी रूढी नसेल, तेथे आपल्या खिडकीचा आडोसा करणे हे सामान्यतः घरमालकाच्याच हाती राहते.